भूक वाढवणारी आणि भूक मारणारी औषधं : मेंदूत नेमकं काय होतं, आणि मेडिकलवर जाण्याआधी काय माहीत असावं

निकाहची तारीख ठरली की आपल्या घरांत दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. मुलगी बारीक असेल तर "जरा तब्येत भरू दे", आणि अंगाने भरलेली असेल तर "जरा कमी कर". मुलांनाही हे चुकत नाही. सौदीला किंवा दुबईला जाणाऱ्या पोराला मित्र म्हणतात, "काडीसारखा दिसतोस, काहीतरी घे." हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही जा, यावर पहिला इलाज दवाखान्यात नाही, तर मेडिकलच्या काउंटरवर शोधला जातो. "भाई, भूक लागायची बाटली द्या." आणि हल्ली मोबाइलवर रील्स पाहून दुसरी मागणी आली आहे, "ते वजन कमी करायचं इंजेक्शन मिळतं का?"

या दोन्ही मागण्यांमागची औषधं पोटावर कमी आणि मेंदूवर जास्त काम करतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून हा लेख. ही औषधं कोणती, ती मेंदूतल्या कोणत्या कुलपात शिरतात, कोणासाठी खरोखर उपयोगी आहेत आणि कोणी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे आम्ही जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत. डोस आम्ही मुद्दाम लिहीत नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे.

भूक पोटात लागते की डोक्यात?

पोटात गुरगुरतं म्हणून भूक पोटात लागते असं आपण समजतो. खरा निर्णय होतो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात. तिथे पेशींचे दोन गट एकमेकांसमोर बसलेले असतात. एक गट म्हणतो "खा", दुसरा म्हणतो "बस झालं". शरीर दोघांनाही सतत निरोप पाठवत असतं. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन निघतं, ते "खा" म्हणणाऱ्या गटाला जागं करतं. जपानच्या शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. अंगातली चरबी लेप्टिन पाठवते. त्याचा अर्थ, साठा भरपूर आहे, आता घाई नको. जेवण आतड्यात पोहोचलं की जीएलपी-१ निघतं आणि पोट भरल्याची जाणीव करून देतं.

हे निरोप ज्या जागी उतरतात तिला रिसेप्टर म्हणतात. कुलूप आणि किल्ली समजा. हार्मोन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप. औषध बनवणारे दोनच गोष्टी करतात. एकतर खऱ्या किल्लीसारखी दुसरी किल्ली बनवून कुलूप उघडतात, नाहीतर कुलपात काडी घालून ते बंद ठेवतात. अडचण इथेच आहे. तेच कुलूप मेंदूत दहा ठिकाणी बसवलेलं असतं. भुकेचं दार उघडायला गेलं की झोपेचं, मनःस्थितीचं, कधी हृदयाचंही दार हलतं. गेल्या साठ वर्षांत भुकेच्या औषधांचे जे घोटाळे झाले, त्यातले बरेच या एका वाक्यात येतात.

दोन चुलत भावंडांची गोष्ट

भूक ही इच्छाशक्तीची बाब आहे, जाड माणूस म्हणजे हावरट माणूस, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तो मोडायला एक खरी केस सांगितली पाहिजे.

१९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये लेप्टिनचं जनुक शोधलं. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉक्टरांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांविषयी लिहिलं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघं जन्मताना सामान्य वजनाची होती. काही महिन्यांतच अशी भूक सुटली की काही केल्या पोट भरेना. तपासलं तर दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. अंगावर एवढी चरबी, पण साठा भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नव्हता. मेंदू समजत होता की हे लेकरू उपाशी मरतंय.

पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली. थोड्याच दिवसांत भूक आवाक्यात आली आणि वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोंनी उतरलं. तिला कोणी डाएट शिकवलं नव्हतं, भाषण दिलं नव्हतं. या कामात ज्यांचा मोठा वाटा होता त्या सदफ फारुकी आज केंब्रिजमध्ये प्राध्यापक आहेत आणि या विषयातल्या जगातल्या आघाडीच्या डॉक्टर मानल्या जातात. आपल्या मुलींना सांगण्यासारखं हे नाव आहे.

यात आपल्यासाठी एक नाजूक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. हा दोष तेव्हाच दिसतो जेव्हा बिघडलेलं जनुक आई आणि वडील, दोघांकडून येतं. जवळच्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. लाहोरच्या संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर पाकिस्तानातल्या, नात्यात लग्नं झालेल्या घरांतली अतिशय लठ्ठ मुलं तपासली. तेव्हा सुमारे ३० टक्के मुलांमध्ये एकाच जनुकातला दोष हे कारण निघालं. म्हणजे चुलत-मामे नात्यात लग्न झालेलं प्रत्येक घर धोक्यात आहे असं नाही, हे आजार एकूणात दुर्मीळच आहेत. पण पाच वर्षांच्या आतलं मूल झपाट्याने जाड होत असेल, ताट उचललं की आक्रोश करत असेल, रात्री उठून अन्न शोधत असेल, तर "खात्या-पित्या घरचं आहे" म्हणून हसू नये. मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवावं. हिंगोलीहून त्यासाठी नांदेड किंवा हैदराबाद गाठावं लागेल, पण जावं.

याच वाटेवर पुढे सेटमेलानोटाइड नावाचं औषध आलं. "बस झालं" म्हणणाऱ्या पेशी एमसी-४ नावाच्या रिसेप्टरमार्फत बोलतात, हे औषध थेट तो रिसेप्टर चालू करतं. अमेरिकेत २०२० मध्ये ते अशाच काही जनुकीय आजारांसाठी मंजूर झालं. साध्या लठ्ठपणासाठी ते नाही.

"भुकेची बाटली" : सायप्रोहेप्टाडिन

आता आपल्या मेडिकलवरच्या खऱ्या राजाकडे येऊ. बाटलीवर नाव काहीही असो, मागे बारीक अक्षरात बघा. बहुतेक वेळा "सायप्रोहेप्टाडिन" लिहिलेलं सापडेल, कधी सोबत "ट्रायकोलिन सायट्रेट". सिप्लॅक्टिन आणि प्रॅक्टिन ही त्यातली जुनी, घराघरांत माहीत असलेली नावं. हे टॉनिक नाही, यात ताकद नाही, जीवनसत्त्व नाही. हे मूळचं अ‍ॅलर्जीचं औषध आहे. शिंका, खाज, पित्त उठणं यासाठी ते निघालं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आलं की दम्यासाठी हे घेणारी मुलं जास्त खातात आणि त्यांचं वजन वाढतं. दुष्परिणाम होता, तोच धंदा झाला.

ते काम कसं करतं? मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन भूक दाबून ठेवतं. सायप्रोहेप्टाडिन सेरोटोनिनच्या काही कुलपांत काडी घालतं, म्हणजे लगाम सैल होतो आणि भूक सुटते. सोबत ते हिस्टामिनचं कुलूपही बंद करतं, म्हणून झोप येते. पोरगं दुपारभर पेंगतंय, वर्गात लक्ष नाही, याचं कारण कधी कधी घरातल्या फळीवरच्या बाटलीत असतं. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवीला त्रास, डोळ्यातला दाब वाढणं हेही होऊ शकतं. म्हणून काचबिंदू असलेल्या किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला तर देऊच नये. मोटारसायकल चालवणाऱ्याने झोपेचा विचार करावा.

हे औषध वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. बालरोगतज्ज्ञ काही ठरावीक मुलांना ते देतात. मुलांच्या अर्धशिशीतही त्याचा उपयोग होतो. पण त्याचा परिणाम औषध चालू असेपर्यंतच. बंद केलं की भूक पूर्वीच्या जागी येते, आणि मग घरचे म्हणतात, "बाटली संपली की जेवतच नाही, अजून एक आणा." अशी वर्षानुवर्षं बाटली चालते.

भारतातल्या औषध मंजुरीचा आणखी एक नमुना सांगण्यासारखा आहे. बुक्लिझिन हे असंच एक अ‍ॅलर्जीच्या कुळातलं औषध आपल्याकडे भूक वाढवण्यासाठी विकलं जात होतं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ च्या आपल्या ५९ व्या अहवालात औषध नियंत्रकांच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, त्यात बुक्लिझिनचंही नाव होतं. ज्या देशातल्या कंपनीचं औषध, त्या बेल्जियममध्येच ते भूक वाढवण्यासाठी मंजूर नव्हतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं खूळ नाही. भारतात बनलेलं अ‍ॅपेटामिन नावाचं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप इंग्लंड-अमेरिकेत मुली चोरून मागवत होत्या, अंग "भरण्यासाठी". सोशल मीडियावर त्याची जाहिरात होत होती. तिथे त्याला परवानगीच नाही. बीबीसीने २०२१ मध्ये त्यावर माहितीपट केला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही लोकांना सावध केलं. आपल्या खेड्यातली बाटली लंडनला पोहोचली, पण सोबत सल्ला गेला नाही.

पुडीतली गोळी

सिरपपेक्षा मोठी भीती दुसऱ्या गोष्टीची आहे. नाव नसलेली गोळी, पुडीतली पावडर, "पंधरा दिवसांत गाल भरतील" असं सांगून दिलेला डबा. अशा मालात सायप्रोहेप्टाडिनसोबत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत. स्टेरॉइडने भूक वाढते हे खरं, पण गाल भरतात ते मांसाने नाही, पाण्याने आणि चरबीने. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हातपाय बारीकच राहतात. रक्तातली साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, अंगात दडलेला टीबी वर येऊ शकतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ते एकदम बंद करता येत नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. महिनोन्‌महिने घेऊन अचानक सोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. निकाह झाला, पुडी बंद झाली, आणि नवी नवरी सासरी चक्कर येऊन पडते, उलट्या होतात. घरात कोणाला काही कळत नाही, कोणी नजर लागली म्हणतं. अशा वेळी डॉक्टरांपासून पुडी लपवू नये. "ती काय खात होती" हे एक वाक्य जीव वाचवू शकतं.

बांगलादेशात कुंटणखान्यांतल्या कोवळ्या मुलींना वयाने मोठ्या आणि भरलेल्या दिसाव्यात म्हणून हेच स्टेरॉइड खायला घातलं जातं, हे २०१० च्या सुमारास जगासमोर आलं. तिथे गुरं पोसायलाही तेच वापरतात. आपण आपल्या लेकीला प्रेमाने जी पुडी देतो, ती कोणत्या कुळातली असू शकते हे माहीत असावं.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं आहे, आणि चिमूटभर हळद बोटांत चोळून भेसळ सांगणारी माणसं इथल्या मोंढ्यात आहेत. पण पुडीतल्या पावडरमधलं स्टेरॉइड कोणाच्या बोटाला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं.

लेकरू जेवत नाही, मग काय करायचं?

मूल जेवत नाही म्हणजे भुकेचं औषध कमी पडतंय, असं क्वचितच असतं. रक्त कमी असणं, जंत, वारंवार जुलाब, लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, टीबी, दातदुखी. किंवा अगदी साधं कारण, जेवणाआधी दिलेला पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा आणि दिवसभर बाटलीने दूध. कारण सापडलं की भूक आपोआप येते. जंतनाशक गोळी शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमांत मोफत मिळते, ती चुकवू नये.

अतितीव्र कुपोषित मुलांसाठी सरकारी पद्धत फार शहाणी आहे, तिची माहिती व्हायला हवी. तिथे सगळ्यात आधी भूक चाचणी होते. मुलासमोर ठरावीक आहार ठेवून ते किती खातं हे पाहतात. चाचणीत जेवलं आणि दुसरी काही गुंतागुंत नसली तर अंगणवाडीच्या पातळीवर, ग्राम बाल विकास केंद्रात सांभाळता येतं. जेवलं नाही तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. म्हणजे भूक नसणं हे तिथे धोक्याचं लक्षण मानतात, सिरप देऊन झाकायचं लक्षण नाही. भरती केल्यावर संसर्गाचा उपचार, आणि थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, एफ-७५ नावाचं हलकं दूध. काही दिवसांत मूल स्वतःहून मागायला लागतं. अंगणवाडी सेविकेने दंडाचा घेर मोजून लाल पट्टी दाखवली, तर मेडिकल नाही, सरकारी दवाखाना.

कॅन्सरच्या रुग्णाची भूक

इथे मात्र भुकेच्या औषधाची खरी गरज असते, आणि इथे भारताने जगाला दिलेलं एक चांगलं काम आहे. केमोथेरपीवरचा माणूस जेवत नाही, अंगावरचं मांस झडतं आणि उपचार सोसेनासे होतात. घरचे आग्रह करकरून रडकुंडीला येतात. पुदुच्चेरीच्या जिपमेर या केंद्र सरकारच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी १२४ रुग्णांवर चाचणी केली. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाचे कॅन्सर, बहुतेक पुढच्या टप्प्यातले. अर्ध्या रुग्णांना ओलान्झापिन अगदी कमी मात्रेत, रोज एकदा, १२ आठवडे दिलं. अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. २०२३ मध्ये निकाल छापून आला. वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ६० टक्के, दुसऱ्या गटात ९ टक्के.

ओलान्झापिन हे मूळचं मानसिक आजाराचं औषध आहे. डोपामिन, सेरोटोनिन आणि हिस्टामिन अशी अनेक कुलपं ते एकदम बंद करतं. मानसिक रुग्णांना त्यामुळे वजन वाढायचा त्रास होतो, कॅन्सरच्या रुग्णाला तोच त्रास वरदान ठरला. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, साध्या मेडिकलवर मिळते. आपल्या घरातला रुग्ण नांदेडला किंवा मुंबईला टाटाला केमो घेत असेल आणि ताट तसंच परत येत असेल, तर आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना या औषधाविषयी विचारायला हरकत नाही. "वेड्यांची गोळी दिली" म्हणून फेकून देऊ नये. स्वतःहून मात्र सुरू करू नये, झोप आणि साखर दोन्हीवर त्याचा परिणाम होतो.

भूक मारणाऱ्या गोळ्या : अपयशांची रांग

वजन कमी करायच्या गोळ्यांचा इतिहास म्हणजे मंजुरी, गाजावाजा आणि माघार. फेनफ्ल्युरामीन सेरोटोनिन वाढवून भूक मारायचं. १९९७ मध्ये कळलं की ते हृदयाच्या झडपा खराब करतं, कारण सेरोटोनिनच्या कुलपाचा एक प्रकार झडपांवरही असतो. ते बाजारातून गेलं. मग फक्त मेंदूतलंच कुलूप उघडणारं लोर्कासेरिन काढलं. ते अमेरिकेत २०१२ मध्ये आलं आणि कॅन्सरचा धोका दिसल्यावर २०२० मध्ये मागे घेतलं गेलं.

रिमोनाबंटची कथा जास्त शिकवणारी आहे. भांग-गांजा घेतलेल्याला भूक सुटते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. (आपल्यासाठी ते हरामच आहे, पण शास्त्रज्ञांनी त्यातूनच वाट काढली.) गांजाचं द्रव्य मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या कुलपात बसतं. शरीर त्या कुलपासाठी स्वतःची किल्लीही बनवतं, तिला १९९२ मध्ये संस्कृतातल्या "आनंद" शब्दावरून अ‍ॅनंडामाइड नाव दिलं गेलं. सनोफी-अ‍ॅव्हेंटिस कंपनीने विचार केला, हे कुलूप बंद केलं तर भूक मरेल. मेलीही. २००६ मध्ये युरोपात गोळी आली, भारतातही कंपन्यांनी आपापल्या नावाने ती काढली. पण आनंदाचं कुलूप बंद केल्यावर आनंदही गेला. रुग्णांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले. अमेरिकेने ती मंजूरच केली नाही, युरोपने २००८ मध्ये थांबवली, भारताने २००९ मध्ये बंदी घातली. सिबुट्रामीन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बंद झालं, भारतात २०११ मध्ये. तरी आजही "हर्बल" म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये सिबुट्रामीन सापडतं. "शंभर टक्के नैसर्गिक" या शब्दांवर विसंबू नये.

नवी इंजेक्शनं आणि आपले प्रश्न

सध्याचा सगळा बोलबाला जीएलपी-१ च्या कुळाचा आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. जेवणानंतर आतड्यातून निघणारं जीएलपी-१ काही मिनिटांत विरतं, ही औषधं आठवडाभर टिकतील अशी घडवलेली आहेत. ती हायपोथॅलॅमसमध्ये आणि मेंदूच्या मागच्या खोडात काम करतात, पोट हळू रिकामं करतात. मळमळ याच कारणाने होते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. टिर्झेपाटाइडच्या जास्तीत जास्त मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. एवढा परिणाम याआधी कुठल्याच गोळीने दिला नव्हता, हे मान्य केलं पाहिजे.

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची एका आठवड्याची कुपी ३,५०० रुपयांना होती. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं मुख्य पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यामुळे स्वस्त देशी इंजेक्शनांची वाट मोकळी होते. स्वस्त झालं की गैरवापरही वाढेल, अशी आम्हाला भीती आहे. लग्नाआधी चार किलो उतरवायला हे औषध नाही. ते लठ्ठपणाच्या आजारासाठी, किंवा वजनासोबत साखर-रक्तदाब असलेल्यांसाठी आहे. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, हेही चाचणीतच दिसलं आहे. चरबीबरोबर स्नायूही झडतात. पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज हे धोके आहेत. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर घेऊ नये. मूल हवं असलेल्या बाईने सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. नवविवाहितांनी हे विशेष लक्षात ठेवावं. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि खरेदी पक्क्या बिलावरच. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे.

यात डुकराचं काही असतं का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. सेमाग्लुटाइडचा मूळ सांगाडा यीस्टमध्ये, म्हणजे खमिरात तयार होतो. टिर्झेपाटाइड रासायनिक पद्धतीने जोडलं जातं.

रमजानचं काय? पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, तरी मसला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. वैद्यकीय बाजू अशी, की आठवड्याचं इंजेक्शन इफ्तारनंतर घेता येतं. मात्र नवं औषध रमजानच्या तोंडावर सुरू करू नये, मात्रा आधीच बसलेली असावी. मधुमेहाचे तज्ज्ञ त्यासाठी साधारण सहा आठवडे आधीची मुदत सांगतात. मळमळ-उलट्या चालू असताना दिवसभर पाणी नाही, अशी वेळ आली तर मूत्रपिंडावर ताण येतो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर खाली जाण्याचा धोका असतो. त्यांची मात्रा रमजानआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, तपासणीसाठी बोटातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही असंच बहुतेक उलेमांचं मत आहे.

जेव्हा आजार भुकेचा नसून मनाचा असतो

शेवटचा प्रकार आपल्या घरांत ओळखलाच जात नाही. मुलगी हाडांचा सापळा झाली तरी स्वतःला जाड समजते, ताटातलं लपवते, पाळी बंद पडते. हा अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. इंग्लंडच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याला हे नाव दिलं. इथे भुकेची बाटली निरुपयोगी आहे, कारण भूक मेलेली नसते, ती दाबलेली असते. या आजारासाठी खास मंजूर असं एकही औषध आजपर्यंत नाही. ओलान्झापिनने वजनात थोडा फरक पडतो, मनातल्या भीतीत नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ आणि हळूहळू वाढवलेला आहार, हाच इलाज. रोज्याच्या नावाखाली कोणी वर्षभर उपाशी राहत असेल तर आईने डोळे उघडे ठेवावेत.

बुलिमियात उलट. एकदम खूप खायचं आणि मग बोटं घालून उलटी करायची. त्यावर फ्लुओक्सेटिन हे सेरोटोनिनचं औषध अमेरिकेत १९९६ पासून मंजूर आहे, ते भारतातही सहज मिळतं. उलटी न करता झपाटल्यासारखं खाण्याच्या आजारावर तिथे २०१५ मध्ये लिस्डेक्सामफेटामिन मंजूर झालं, पण त्याची सवय लागू शकते आणि साध्या वजनासाठी ते वापरायचं नाही.

हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, जिल्हा रुग्णालयात मनोविकारांसाठी विचारता येतं. तिथे जायला संकोच वाटत असेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं आणि उर्दूतही. नाव न सांगताही विचारता येतं.